सैनिक-कुटुंब कल्याण (कुलाबा–कफ परेड)

सेवेतील सैनिकांची मुले, माजी सैनिक, त्यांचे अवलंबित आणि वीरपत्नी यांना मिळणारे शासकीय व सामाजिक साहाय्य. कफ परेडचे मच्छीमार नगर ही कोळ्यांची वस्ती, सैनिकी वसाहत नव्हे. मात्र तिथून दक्षिणेला कुलाब्याच्या टोकापर्यंत लष्कराच्या जागा, नेव्हीनगर आणि ‘अश्विनी’ हे नौदलाचे रुग्णालय पसरलेले आहे. कुलाब्यात फौजेचा मुक्काम इंग्रजी अमदानीपासूनचा. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांचे स्मारक म्हणून उभारलेले अफगाण चर्च १८५८ सालचे.

येथील साहाय्याचे दोन भाग पडतात : वसाहतीच्या फाटकाच्या आत मिळणारे आणि बाहेर मिळणारे. आतले आपोआप चालत येते. घर, शाळा, दवाखाना, कँटीन सगळे हाताशी असते. बाहेरचे अर्ज करून मिळवावे लागते, आणि खरी ओढाताण तिथेच होते.

मुलांची मुख्य अडचण बदलीची. दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलते, कित्येकदा वर्ष अर्ध्यावर असताना. केंद्रीय विद्यालये मुळात याच गरजेतून निघाली : १९६३ मध्ये २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन त्यांची सुरुवात झाली. कुलाब्यात केंद्रीय विद्यालयांबरोबर नौदलाची नेव्ही चिल्ड्रन स्कूलही आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. विशाखापट्टणम किंवा कोचीहून आलेल्या मुलाला ती नव्याने गिरवावी लागते; शेजारच्या मराठी घरांना मदतीचा हात द्यायला याहून सोपी जागा नाही. नौदल कुटुंबांची संघटना एनडब्ल्यूडब्ल्यूए विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी ‘संकल्प’ शाळा चालवते. लष्कराकडील तशा शाळांचे नाव ‘आशा’.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात संरक्षण दलांच्या पाल्यांसाठी राखीव जागा असतात आणि त्यांचे तीन प्रकार आहेत. राज्याचा अधिवासी माजी सैनिक पहिल्यात, अधिवासी सेवेतील सैनिक दुसऱ्यात आणि परराज्यातून येथे बदलून आलेला सैनिक तिसऱ्यात मोडतो. नेव्हीनगरातल्या अनेक घरांना हा तिसरा प्रकार लागू पडतो.

खलाशी किंवा जवान फार लवकर निवृत्त होतो. निवृत्तिवेतनाला १५ वर्षांची सेवा पुरते. म्हणजे पस्तिशी-चाळिशीत, मुले ऐन शाळेत असताना, क्वार्टर सोडावे लागते. दक्षिण मुंबईत भाड्याने घर घेणे निवृत्तिवेतनावरच्या माणसाला परवडत नाही. मग कुटुंब उपनगरात जाते, नाहीतर रत्नागिरी, सातारा, सांगलीकडच्या गावी. सेवेत मृत्यू आला तरी क्वार्टर ठरावीक मुदतीपर्यंतच राहते. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट होऊन १८ नौसैनिक गेले, तेव्हा अशा घरांचा प्रश्न शहराच्या नजरेस आला. तो फार दिवस नजरेसमोर टिकला नाही.

फाटकाबाहेरची पहिली पायरी म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. त्याच्या वर पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि दिल्लीचे केंद्रीय सैनिक बोर्ड. सैनिकांच्या मुलांसाठीची शासकीय वसतिगृहे सैनिक कल्याण विभागाचीच. बाप गावोगावी फिरत असला तरी मुलाचे शिक्षण एका जागी व्हावे, हा त्यांचा हेतू. खर्चाचा एक भाग ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला जमणाऱ्या निधीतून येतो. हा दिवस १९४९ पासून पाळला जातो.

माजी सैनिकांच्या पाल्यांना मिळणाऱ्या पंतप्रधान शिष्यवृत्तीची रक्कम २०१९ मध्ये मुलींसाठी दरमहा ३,००० आणि मुलांसाठी २,५०० रुपये झाली. हवालदार किंवा त्याच्या बरोबरीच्या हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना संरक्षणमंत्री निधीतून मिळणारे शिक्षण-अनुदान नोव्हेंबर २०२५ पासून दरमहा १,००० वरून २,००० रुपये झाले. उपचारांसाठी ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून आहे.

अर्ज अडतो तो बहुधा नावामुळे. शाळेच्या दाखल्यावर मुलाचे नाव एक, सेवा-नोंदीत दुसरे. पत्नीचे माहेरचे नाव बदललेलेच नसते. लष्करात अशी दुरुस्ती ‘पार्ट टू ऑर्डर’ने होते, आणि ती सेवेत असताना जितकी सोपी तितकी निवृत्तीनंतर किचकट. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश) दाखवल्याशिवाय पुढचे काही हलत नाही. पती गेल्यावर ही कागदपत्रे कपाटात कुठे आहेत हे पत्नीला ठाऊक नसणे ही नेहमीची गोष्ट. शेजाऱ्याने अर्ज भरून दिला, सोबत कार्यालयात आला, तर भाषणे आणि सत्कारांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

निवृत्त जवान बहुधा दुसरी नोकरी धरतो : सुरक्षारक्षक, बँक, रेल्वे, पोलीस. सातारा जिल्ह्यातील केडंब्याचे तुकाराम ओंबळे लष्करातून निवृत्त होऊन १९९१ मध्ये मुंबई पोलिसांत आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला करणारे दहा दहशतवादी मच्छीमार नगरजवळ किनाऱ्याला लागले. त्यांतल्या कसाबला गिरगाव चौपाटीवर पकडताना ओंबळे मारले गेले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पंतप्रधान शिष्यवृत्तीची दारे दहशतवादी व नक्षली हल्ल्यांत मरण पावलेल्या राज्य पोलिसांच्या मुलांना २०१९ मध्ये उघडली.

या भागात ‘सैनिकांसाठी’ हे शब्द काढले की आदर्श सोसायटीचे नाव निघतेच. कफ परेडजवळची ही ३१ मजली इमारत कारगिलच्या वीरपत्नींसाठी होती, असा समज २०१० मध्ये घोटाळा उघड झाल्यावर सर्वत्र पसरला. चौकशी आयोगाने मात्र २०१२ मध्ये जमीन राज्य सरकारची असून ती कारगिलसाठी राखीव नव्हती, असा निष्कर्ष काढला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इमारत पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती देऊन ताबा केंद्राकडे सोपवला. वीरपत्नींचे नाव सर्वांनी घेतले. त्यांना घर कुठे मिळणार, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला.

वरील बहुतेक साहाय्य ‘माजी सैनिक’ या दर्जावर टेकलेले आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला निवृत्तिवेतन नाही आणि हा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात.