कर्करोग हाडातच का रुजतो?

स्तनाचा कर्करोग पसरला की बरेचदा हाडात का जातो, असं तुम्ही विचारता. १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी ७३५ मृत रुग्णांच्या नोंदी तपासून सांगितलं: पेशी म्हणजे बी, अवयव म्हणजे जमीन. बी सगळीकडे पडतं, रुजतं मानवेल तिथेच. नाचणी-वरई पेरणाऱ्या जव्हारकरांना हे वेगळं काय सांगायचं!

पेशी शरीराबाहेर वाढवून तपासायचं तंत्र पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे पीएचडीनंतर अमेरिकेत शिकल्या आणि त्यांनी मुंबईत तशी प्रयोगशाळा उभारली.

हाड सतत झिजतं, भरतं. झिजताना सुटणारी वाढीची द्रव्यं कर्करोगाला खत ठरतात. म्हणून झीज रोखणारं झोलेड्रॉनिक ॲसिड देतात. ते चालू असताना दात काढायचा झाला, तर आधी आम्हाला विचारा.