राजधानीची झाडे

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात हिंदुस्थानची राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा झाली. रायसीना टेकडीच्या परिसरात नवे नगर वसवावयाचे ठरले, तेव्हा वास्तुशिल्पाइतकाच बिकट प्रश्न झाडांचा होता. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांवर चढणारा पारा, हिवाळ्यातील कडाक्याची थंडी आणि वर्षातून जेमतेम तीन महिन्यांचा पाऊस, एवढे सारे सोसून जगेल असे काटक झाड निवडणे भाग होते. ही निवड दोन ठिकाणी झाली आणि दोहोंचे परिणाम अगदी भिन्न झाले.

पहिली निवड रस्त्यांसाठी होती. ल्यूट्येन्सच्या आखणीतील रुंद मार्गांवर झाडे लावण्याचे काम क्यू येथील उद्यानात शिकलेल्या डब्ल्यू. आर. मस्टो या उद्यानतज्ज्ञाकडे होते. दिल्लीच्या आसपासच्या रानातील बहुतेक झाडे उन्हाळ्याच्या तोंडी पाने झाडतात. रस्त्यावर सावली हवी ती मात्र नेमकी तेव्हाच. म्हणून दीर्घायुषी, डौलदार व शक्यतो सदाहरित अशा मोजक्या जाती पसंत करण्यात आल्या. आजच्या कर्तव्यपथाच्या कडेला जांभूळ लागले, जनपथावर अर्जुनसादडा, लोदी मार्गावर कडुनिंब आणि अकबर मार्गावर चिंच. जांभूळ व अर्जुनसादडा ही वास्तविक ओढ्याकाठची झाडे. दिल्लीच्या कोरड्या मातीत ती रुजली, याचे श्रेय जितके त्यांच्या चिवटपणाला, तितकेच कोवळ्या वयात त्यांना मिळालेल्या पाण्याला द्यावयास हवे. फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या राजधानीचे उद्घाटन झाले, तेव्हा यांतील पुष्कळ झाडे लहानच होती. त्यांच्या पूर्ण सावलीचा लाभ पुढील पिढ्यांना झाला.

दुसरी निवड नगराच्या पाठीशी असलेल्या, ‘रिज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कड्यासाठी होती. हे अरवली पर्वताचे उत्तरेकडील टोक होय. तेथे कठीण गारगोटी खडक, मातीचा थर पातळ, आणि गुरे चरून उघडी पडलेली भूमी. राजधानीला हिरवी पार्श्वभूमी हवी, म्हणून १९१३ मध्ये या कड्याचा काही भाग राखीव वन ठरविण्यात आला. पुढे तेथे अमेरिका खंडातील विलायती बाभूळ आणण्यात आली. दिल्लीत तिला ‘विलायती किकर’ म्हणतात. तिला पाणी घालावे लागत नाही, तिचा पाला गुरे सहसा खात नाहीत, तोडली तर बुंध्यातून ती पुन्हा फुटते. काटकपणाच्या कोणत्याही कसोटीस ती पुरेपूर उतरली. पण तिच्या शेंगा गुरे आवडीने खातात व शेणावाटे बी दूरवर पसरते. पाहता पाहता तिने कडा व्यापला आणि हिवर, पळस यांसारख्या तेथील मूळ झाडांना रुजावयास जागा उरली नाही. कडा हिरवा झाला, परंतु त्या हिरवाईतील विविधता हरपली.

यात दोष परदेशी असण्याचा नव्हे. अकबर मार्गावरील चिंचही मूळची आफ्रिकेतील, पण तिने कोणाची जागा हिरावून घेतली नाही. एका निवडीत झाडाने काय द्यावे याचा विचार झाला. दुसरीत केवळ ते मरू नये एवढेच पाहिले गेले. शेजाऱ्याला जगू देण्याची क्षमता हाही झाडाचा गुण आहे, हे मात्र कोणी तपासले नाही.

ही चूक दुरुस्त करण्याचे काम अलीकडच्या काळात दिल्लीतील अरवली जैवविविधता उद्यानात हाती घेण्यात आले. तेथे विलायती बाभळी एकदम न तोडता त्यांच्या फांद्या छाटून ऊन खाली येऊ दिले गेले, आणि त्या उन्हात अरवलीची मूळ झाडे लावण्यात आली. काही वर्षांत झालेली निवड बदलण्यास अशी अनेक दशके लागतात.