भावनगरची दुर्बीण : पुण्याहून हिमप्रदेशाकडे

गुजरातचे दान आणि पुण्याची विद्या यांच्या संयोगातून जन्मलेल्या एका दुर्बिणीची कथा सुरतेच्या मराठी वाचकांना परकी वाटू नये.

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांना १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपये दिले. तेवढीच भर मुंबई सरकारने घातली. त्यातून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ मध्ये महाराजांच्या नावाची वेधशाळा उभी राहिली. तिची २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. परंतु वेधशाळा अखेरपर्यंत एका माणसाचीच राहिली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली.

पुढे १९८०च्या दशकात हीच दुर्बीण आकाशाची पारख करण्यासाठी लेहला नेण्यात आली. इतक्या उंचीवर कशासाठी? तारे अवरक्त किरणही, म्हणजे उष्णतेचे किरणही, पाठवतात. हवेतील बाष्प त्यांतील बरेचसे गिळून टाकते. तापीकाठच्या दमट हवेत हे वेध घेणे व्यर्थच. शिवाय उबदार दुर्बीण स्वतःच असे किरण सोडते. म्हणून स्थळ उंच, कोरडे आणि थंड हवे. याच कारणास्तव अमेरिकी शास्त्रज्ञांनी दक्षिण ध्रुवावर ६० सेंटिमीटरची अवरक्त दुर्बीण बसविली होती. जुलै १९९४ मध्ये गुरूवर आदळलेल्या धूमकेतूच्या तुकड्यांचे वेध तिने घेतले.

आपल्याकडे हा शोध लडाखमधील हानले येथे स्थिरावला. सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील २ मीटर व्यासाच्या हिमालयीन चंद्र दुर्बिणीने सप्टेंबर २००० मध्ये पहिला प्रकाश टिपला. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली २५ अंशांपर्यंत उतरतो, विरळ हवेत माणसाला धाप लागते. म्हणून दुर्बीण उपग्रहामार्गे बंगळूरजवळच्या होसकोटेहून चालविण्याची योजना झाली. २०१३ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडविलेला अवरक्त वर्णपटमापक तिला जोडण्यात आला.

पुण्याला दुर्बीण उत्तम लाभली होती, दाताही उदार होता. उणीव होती ती वारसा पुढे नेणाऱ्या संस्थेची. परमुलखात ग्रंथालये आणि मंडळे उभारणाऱ्या आपल्या घराण्यांनी १९१२चे ते वर्ष विसरू नये.