सहा कोंबडे आणि पॅरिसचा प्रोफेसर

आजचा भाग एका बाटलीमुळे सुचलाय.

मागच्या दिवाळीनंतर आमचं रिलीज चालू होतं. झोपायला रोज रात्रीचे दीड-दोन वाजायचे आणि सकाळी अंगात जीव नसायचा. फोनला हे कसं कळतं देव जाणे, पण स्क्रोल करताना जाहिरात आलीच: टेस्टोस्टेरॉन वाढवा, जोश परत मिळवा. साठ गोळ्यांची बाटली. घेतली. आणि खोटं कशाला सांगू, पहिले दहा दिवस भारी वाटलं. जिमला गेलो. मीटिंगमध्ये आवाज चढला. आईशी फोनवर उलट बोललो, तर तेही मनातल्या मनात हार्मोनच्या खात्यावर टाकलं. मग ही भानगड सुरू कुठून झाली ते शोधत बसलो आणि पोचलो थेट जर्मनीतल्या गटिंगेन गावात, सन १८४८.

बैल खच्ची केला की शांत होतो, आणि वळू अंगावर येतो, हे शेतकऱ्याला पुस्तक न वाचता माहीत असतं. प्रश्न वेगळा होता. वृषणं कुठे, मेंदू कुठे! मग त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो कसा? शरीरातले असे लांबचे निरोप मज्जातंतूंमधूनच जातात, असा तेव्हा पक्का समज होता. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळं नेटवर्क वायरचं.

गटिंगेनच्या आर्नोल्ड बर्थोल्डने सहा कोवळे कोंबडे घेतले. दोघांची वृषणं काढून टाकली. दोघांचं एक वृषण काढलं आणि दुसरं जागेवरून सुटं करून पोटातच सोडून दिलं. उरलेल्या दोघांची चक्क अदलाबदल केली: याचं त्याच्या पोटात, त्याचं याच्या. कंट्रोल ग्रुप ठेवून केलेलं हे टेस्टिंग आहे, तेही पावणेदोनशे वर्षांपूर्वी. आमच्या टीममध्ये अजूनही काही लोकांना हे समजावावं लागतं, ते जाऊ दे.

पहिले दोन कोंबडे मलूल झाले. तुरा वाढला नाही, भांडण नाही, कोंबड्यांकडे ढुंकूनही बघणं नाही. बाकीचे चार मात्र ठणठणीत आरवत होते, एकमेकांवर धावून जात होते, माद्यांच्या मागे फिरत होते. नंतर कापून बघितलं तर पोटात सोडलेलं वृषण आतड्याला चिकटून जगलं होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या आल्या होत्या. जुनी मज्जातंतूची जोडणी तर केव्हाच तुटली होती. म्हणजे वायर कापली तरी निरोप पोचत होता. वृषणातून काहीतरी रक्तात उतरतं, रक्त ते सगळीकडे नेतं आणि वागणं बदलतं, असा निष्कर्ष बर्थोल्डने १८४९ मध्ये छापला. लेख जेमतेम चार पानांचा. पुढे त्याने या विषयात काही केलं नाही, आणि जग तो लेख जवळजवळ विसरून गेलं.

आता पॅरिसला चला. शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार हा काही भोंदू नव्हे, हे आधी लक्षात घ्या. जन्म मॉरिशसचा. मणक्यातली मज्जारज्जू एका बाजूने कापली गेली की शरीरात काय काय बिघडतं हे त्याने शोधलं. त्या आजाराला आजही त्याचंच नाव आहे. १ जून १८८९ ला, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, हा माणूस शास्त्रज्ञांच्या सभेत उभा राहिला आणि म्हणाला की मी कुत्र्याच्या आणि गिनी पिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतलाय आणि मला पुन्हा तरुण वाटतंय. जिने धावत चढतो. प्रयोगशाळेत तासन्‌तास उभा राहतो. लघवीची धार किती लांब जाते तेही त्याने मोजलं होतं! बातमी फुटली आणि काही महिन्यांत युरोप-अमेरिकेत असल्या अर्काच्या बाटल्या विकायला आल्या. जाहिरातींची भाषा वाचली तर माझ्या फोनवरचीच वाटेल.

पण गोम अशी की त्याचा अर्क पाण्यात काढलेला होता. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जेमतेमच विरघळतं, आणि वृषण ते साठवूनही ठेवत नाही, बनलं की रक्तात सोडून देतं. १९३५ मध्ये हे द्रव्य पहिल्यांदा शुद्ध रूपात मिळालं, तेव्हा सुमारे शंभर किलो बैलाच्या वृषणांतून हाताला लागलं दहा मिलिग्रॅम. आता विचार करा, म्हाताऱ्याच्या सिरिंजमध्ये काय असणार? जवळपास काहीच नाही. तरी तो जिने चढला. मला या गोष्टीत हेच सगळ्यात भारी वाटतं. त्याचं वागणं खरंच बदललं होतं, पण ते बदललं त्याच्या अपेक्षेने. ज्याने आयुष्यभर मज्जासंस्था अभ्यासली, त्याला त्याच्याच मज्जासंस्थेने गंडवलं.

त्याला हसू नका मात्र. ग्रंथीचा अर्क देऊन माणूस बरा करता येईल ही कल्पना त्याच्या गाजावाजामुळेच पसरली. दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, इंग्लंडमध्ये जॉर्ज मरेने थायरॉइड मंदावलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती बरी झाली आणि पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. या वेळी सिरिंजमध्ये खरंच काहीतरी होतं. ‘हार्मोन’ हा शब्द यायला मात्र १९०५ उजाडलं. तो लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगने वापरात आणला.

माझं काय झालं? अकराव्या दिवशी पुन्हा तोच थकवा. शेवटी रक्त तपासलं. आकडा नॉर्मल. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, “झोपतोस किती?” मी म्हटलं, पाच तास, कधी साडेचार. नंतर वाचलं, शिकागोमध्ये दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरलं. २०११ चा अभ्यास आहे.

बाटली अजून ड्रॉवरमध्ये आहे, अर्ध्याहून जास्त भरलेली. आईला त्याच संध्याकाळी फोन केला. “गोळ्या कसल्या रे?” एवढंच तिने विचारलं, आणि मग जेवलास का.