कादंबरीकाराचें दप्तर

गोदावरीच्या कांठीं सायखेडा हें गांव आहे. तेथून पुलावरून पलीकडे गेलें म्हणजे चांदोरी लागते. दिल्ली दरबारांतील पेशव्यांचे वकील जे हिंगणे, त्यांचें हें ठिकाण. त्यांचें दप्तर भारत इतिहास संशोधक मंडळानें छापून काढलें, तेव्हां वकिलाचा रोजचा उद्योग अभ्यासकांस प्रत्यक्ष दिसूं लागला. काम कसें चाललें हें कळलें म्हणजे त्याच्या फलाचें मोल ठरवितां येतें, हा दप्तराचा मोठा उपयोग होय. हीच कसोटी ऐतिहासिक कादंबरीकारासही लावून पाहावी, असें आम्हांस वाटतें. शिवकालाचें जें चित्र सामान्य वाचकाच्या मनांत आहे, त्यांतील पुष्कळसा रंग कादंबरीकारानें भरलेला आहे. तो त्यानें कोणत्या साधनांनीं व किती घाईंत भरला, हा प्रश्न म्हणूनच इतिहासाचाही आहे.

याचें उत्तम उदाहरण कै. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांचें. जन्म खानदेशांतील पारोळें येथला, कर्मभूमि पुणें. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ मध्यें आनंदाश्रम ही संस्था स्थापिली. तिची व्यवस्था हरिभाऊंनीं दीर्घकाल पाहिली. १८९० मध्यें त्यांनीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें. शिवाय पुणें नगरपालिकेचें काम होतेंच. अशा व्यापांतून ‘उषःकाल’ (१८९५–९७), ‘गड आला पण सिंह गेला’ (१९०३–०४), ‘सूर्योदय’ (१९०५–०६) या कादंबऱ्या निघाल्या, त्याही ‘करमणुकीं’तून क्रमशः. ‘चंद्रगुप्त’ (१९०२–०४) संपण्यापूर्वींच ‘गड आला’चा आरंभ झालेला दिसतो, ‘सूर्यग्रहण’ (१९०८–०९) तर अपुरीच राहिली. अंकास पुरेल एवढा मजकूर, आणि पुढील अंकाची ओढ लागेल असा प्रकरणाचा शेवट, हें क्रमशः लेखनाचें मापच होय. भुयारें, वेषांतरें, अर्धवट उकललेलीं रहस्यें यांची जी रेलचेल या कादंबऱ्यांत आढळते, तिचें मूळ केवळ कल्पनेच्या हौसेंत न शोधतां साप्ताहिकाच्या वेळापत्रकांतही शोधिलें पाहिजे.

आतां त्याच माणसाचा दुसरा उद्योग पाहा. आनंदाश्रमांत हस्तलिखित पोथ्या गोळा होत, त्या ताडून संस्कृत ग्रंथ छापले जात. प्रत्येक पोथीस क, ख, ग अशी खूण देऊन पाठभेद तळटीपेंत नोंदविण्याची तेथें वहिवाट होती. ग्रंथारंभीं ‘आदर्शपुस्तकोल्लेखपत्रिका’ या मथळ्याखालीं कोणती प्रत कोणाकडून आली, हेंही सांगितलेलें असे. म्हणजे ज्या गृहस्थाच्या देखरेखीखालीं एकेका अक्षराचा आधार दाखविला जाई, तोच गृहस्थ कादंबरी लिहितांना सर्व आधार कथेंत विरघळवून टाकी. यांत विसंगति नाहीं. तीं दोन कामें निराळीं होतीं. परंतु कादंबरीच्या पाठीमागील क, ख, ग शोधण्याचें काम त्यामुळें आपल्यावर येऊन पडलें आहे.

त्या शोधास सनावळी उपयोगी पडते. ग्रँट डफचा इतिहास १८२६ चा. ‘काव्येतिहाससंग्रह’ १८७८ मध्यें सुरू होऊन त्यांतून बखरी छापल्या गेल्या. अॅक्वर्थ व शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ चा. तानाजीवरील तुळशीदासाचा पोवाडा त्यांत आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड मात्र १८९८ मध्यें निघाला, आणि मंडळ १९१० मध्यें स्थापन झालें. म्हणजे ‘उषःकाल’ पुरी झाली तेव्हां अस्सल पत्रांचा तो मोठा ओघ सुरूही झाला नव्हता. तानाजी १६७० मध्यें पडला म्हणून कोंढाण्यास सिंहगड म्हणूं लागले, ही समजूत घ्या. शिवाजी महाराजांच्या १६६३ मधील पत्रांत सिंहगड हें नांव येतें, त्यामुळें आज ती टिकत नाहीं. पण बखरी व पोवाडे यांवर विसंबण्याच्या त्या काळांत कादंबरीकारानें तिचा अव्हेर करावा, अशी अपेक्षा धरणें न्याय्य नव्हे.

यास्तव आमची संग्राहकांस विनंति आहे. कादंबऱ्यांचीं बांधीव पुस्तकें पुष्कळ ठिकाणीं सांपडतील. पण पुस्तक झालें कीं प्रकरणाची तिथि नाहींशी होते. कोणतें प्रकरण कोणत्या आठवड्यांत लिहून झालें आणि तोंपर्यंत कोणतीं साधनें छापलीं गेलीं होतीं, याचा मेळ साप्ताहिकाच्या मूळ अंकांवरूनच घालतां येईल. छापखान्याकडे गेलेली प्रत तर खिळे जुळविले कीं बहुधा निरुपयोगी समजली जाते. म्हणून सायखेडा–चांदोरीसारख्या गांवांतील जुन्या वाड्यांत पोथ्यांचे रुमाल सोडतांना शेजारचा मासिक-साप्ताहिकांचा गठ्ठाही उघडून पाहावा. सुटा अंक असला तरी टाकूं नये, वेष्टण व जाहिरातीचीं पानें फाडूं नयेत, आणि अंकावरील तारीख नोंदून घ्यावी. मोडी कागदाची जी काळजी आपण घेतों, तीच या छापील कागदाची घेतली पाहिजे. नाहीं तर कादंबरीकाराचें दप्तर रद्दीच्या तराजूंत जाईल, आणि इतिहास कोठें संपला व कल्पना कोठें सुरू झाली, हें सांगण्याचें एक साधन त्याबरोबर जाईल.