कॅल्क्युलसने वर्गसमीकरण सुटतं का? एक गुंठ्याच्या प्लॉटवर करून बघू

समजा पुसदला तुम्हाला एक गुंठ्याचा प्लॉट दाखवला. गुंठा म्हणजे ३३ × ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. लांबी रुंदीपेक्षा ८ फूट जास्त आहे, एवढंच सांगितलं. मग टेप लावायच्या आधी रुंदी किती निघायला हवी?

रुंदी क्ष धरली की समीकरण होतं: क्ष² + ८क्ष − १०८९ = ०. अवयव सरळ पडत नाहीत.

आता डेरिव्हेटिव्ह घ्या: २क्ष + ८. मूळ जिथे आहे तिथे या डेरिव्हेटिव्हचा वर्ग विवेचकाइतकाच असतो. विवेचक ६४ + ४३५६ = ४४२०. म्हणून २क्ष + ८ = ±६६.४८, आणि क्ष ≈ २९.२४ फूट. दुसरं उत्तर ऋण येतं, ते सोडून द्या.

यूट्यूबवर ही रीत ‘वैदिक गणित’ म्हणून फिरते. भारती कृष्ण तीर्थ यांच्या १९६५ साली छापलेल्या पुस्तकातून ती आली. खरं सांगायचं तर हे आपलं नेहमीचंच सूत्र आहे, फक्त कपडे बदललेले. (२क्ष + ८)² उलगडून बघा, ते ४(क्ष² + ८क्ष − १०८९) + ४४२० एवढंच भरतं. चारपट करून वर्ग पूर्ण करायची ही युक्ती श्रीधराचार्यांची, आणि भास्कराचार्यांनी ती ‘बीजगणित’ ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. त्यामुळे दहावीच्या पेपरात अवयव, पूर्ण वर्ग, सूत्र यांपैकी विचारलेली रीतच लिहा.

कॅल्क्युलसची खरी ताकद न्यूटनच्या रीतीत दिसते. अंदाजे उत्तर घ्या, समीकरणात टाका, आलेल्या किमतीला डेरिव्हेटिव्हने भागा आणि तो भागाकार अंदाजातून वजा करा. ३० घेऊ: किंमत ५१, डेरिव्हेटिव्ह ६८, भागाकार ०.७५. नवा अंदाज २९.२५. पुन्हा केलं की २९.२४१५. दोनच फेऱ्या, आणि मोबाइलच्या साध्या कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचं बटणही लागलं नाही! फक्त सुरुवात −४ पासून करू नका. तिथे डेरिव्हेटिव्ह शून्य होतो, भागणार कशाने? आणि −४ च्या खालून निघालात तर ते ऋण उत्तर हाती येईल.

वर्गसमीकरणाला सूत्र आहे, म्हणून हा खटाटोप हौसेचा वाटेल. पण ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता, मुद्दल आणि महिने माहीत असून व्याजदर काढायचा असेल, तर असं सरळ सूत्र मिळत नाही. एक्सेलमधलं ‘रेट’ फंक्शनसुद्धा फेऱ्या मारत मारतच उत्तरापर्यंत जातं.