शाळाप्रवेश आणि आत्मसन्मान

अस्पृश्यांच्या शाळाप्रवेशाचा लढा केवळ अक्षरज्ञानासाठी नव्हता. पिढ्यानुपिढ्या हीन ठरविला गेलेला माणूस कालांतराने स्वतःलाच हीन मानू लागतो. हे मनात रुजलेले दास्य उपटून काढण्यासाठीही तो लढा होता.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार विद्यार्थ्याने प्रवेश मागितला. न्याय त्याच्या बाजूने आहे हे मुंबई सरकारने मान्य केले. तथापि सवर्ण मुले शाळा सोडतील या भयाने प्रवेश मात्र नाकारला. तत्त्व उदार आणि व्यवहार भीरू, असा हा प्रकार होता.

प्रवेश मिळाला तरी प्रश्न सुटत नसे. साताऱ्याच्या शाळेत बालवयातील भीमरावांना वर्गात वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. शिपायाने ओतले तरच पाणी मिळे. पाठ्यपुस्तकात नसलेला एक धडा अशा वर्गात रोज गिरवून घेतला जाई. अमेरिकेत केनेथ व मॅमी क्लार्क या दांपत्याने कृष्णवर्णीय बालकांपुढे काळ्या व गोऱ्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा अनेकांनी गोरीलाच चांगली म्हटले. वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरविताना १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूनत्वाच्या याच भावनेची दखल घेतली.

आपल्या हैदराबादेत भाग्यरेड्डी वर्मा (१८८८–१९३९) यांनी हे मर्म फार पूर्वीच ओळखले होते. ‘पंचम’ हे लादलेले नाव झुगारून त्यांनी ‘आदिहिंदू’ या नावाचा पुरस्कार केला आणि अस्पृश्य मुलांसाठी शाळा चालविल्या. येथे शंका येईल, की वेगळी शाळा म्हणजे विषमतेचाच स्वीकार नव्हे काय? परंतु तिरस्काराने वेगळे बसविणे आणि स्वाभिमानाने आपली शाळा उभारणे यांत मोठे अंतर आहे. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त आपल्या समाजाच्या दुःखाला निर्भयपणे वाचा फोडली, ती या स्वाभिमानाच्याच बळावर.

मात्र स्वतंत्र शाळा उपेक्षिताच्या मनातील न्यूनगंड घालवील. सवर्णाच्या मनातील श्रेष्ठत्वाचा गंड कोण घालविणार? त्यासाठी एकच बाक हवा. १९५० साली, तेव्हा हैदराबाद राज्यात असलेल्या औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांनी महाविद्यालय काढले. पुढे ‘मिलिंद’ म्हणून ख्यात झालेली ही संस्था प्रामुख्याने वंचितांच्या शिक्षणासाठी होती, पण तिचे दार कोणालाही बंद नव्हते. दोन्ही मार्गांचा मेळ येथे दिसतो.

आज संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली असली, तरी मध्यान्ह भोजनाच्या पंक्तीत मुलांना वेगळे बसविल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. ग्रंथालयात एका मेजाभोवती बसणारे वाचक परस्परांची जात विचारीत नाहीत. शताब्दीच्या या मंगल प्रसंगी, वाचनमेजावरील ती रीत शाळेच्या पंक्तीपर्यंत पोहोचो, एवढीच अपेक्षा.